बदनामीचा धनी कोण? : माळेगाव यात्रेच्या संदर्भात गायिका-नर्तकींच्या चाहत्यावर्गाची चिकित्सा

प्रस्तावना

गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंतावर जीव ओवाळून टाकणारा चाहता हा काही आजच्या काळाचा शोध नव्हे. १८४१-४२च्या हिवाळ्यात बर्लिन येथे फ्रांझ लिस्ट या पियानोवादकाच्या मैफलींत त्याचे हातमोजे आणि रुमाल मिळवण्यासाठी स्त्रियांची झोंबाझोंबी होत असे. या उन्मादाला हाइन्रिश हाइने या जर्मन कवीने १८४४ मध्ये ‘लिस्टोमेनिया’ असे नाव दिले. पुढे १९६०च्या दशकात रॉक संगीताच्या वाद्यवृंदांमागे गावोगाव फिरणाऱ्या आणि वादकांच्या सहवासाची ओढ असणाऱ्या तरुणींसाठी ‘ग्रुपी’ हा शब्द रूढ झाला. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकाने फेब्रुवारी १९६९ मध्ये या विषयाला वाहिलेला अंकच काढला. हा शब्द प्रारंभापासून हेटाळणीचा होता. वादक हा कलावंत राहिला; त्याच्या मागे जाणारी मुलगी मात्र ‘ग्रुपी’ ठरली. दोघांच्या परस्परसंबंधातील सारी बदनामी चाहतीच्या पदरी पडली.

मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या सांस्कृतिक जीवनाकडे पाहिले असता हे चित्र नेमके उलटे दिसते. येथे संगीतबारीच्या मंचावर उभी असलेली कलावंत स्त्री आहे आणि तिच्यामागे यात्रेयात्रेला फिरणारा चाहता पुरुष आहे. पाश्चात्त्य उदाहरणाच्या न्यायाने पाहिल्यास बदनामी चाहत्याच्या वाट्याला यायला हवी. प्रत्यक्षात त्याला ‘शौकीन’, ‘दर्दी’, ‘रसिक’ अशी मानाची बिरुदे मिळतात आणि बोल लागतो तो गाणारीला. बदनामी ही ‘कलावंत’ किंवा ‘चाहता’ या भूमिकेला चिकटत नसून त्या नात्यात जेथे स्त्री उभी असेल तेथे ती जाऊन पडते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

उद्दिष्टे

१) चाहत्यासाठी मराठीत रूढ असलेल्या संज्ञांची चिकित्सा करणे.
२) माळेगाव यात्रा व संगीतबारी यांच्या संदर्भात चाहता-कलावंत संबंधाचे स्वरूप तपासणे.
३) मराठी चित्रपट, आत्मकथन व आख्यायिका यांतून या संबंधाचे घडलेले चित्रण अभ्यासणे.
४) याच भूमीतील आंबेडकरी गायनपरंपरेशी त्याची तुलना करणे.

रसिक आणि शौकीन : संज्ञांचा विचार

‘रसिक’ ही संज्ञा आपण संस्कृत काव्यशास्त्राकडून घेतली आहे. ज्याचे अंतःकरण काव्याच्या परिशीलनाने निर्मळ झाले आहे आणि जो काव्यार्थाशी तन्मय होऊ शकतो तो सहृदय, असे अभिनवगुप्ताने मानले. या विचारात रसास्वाद हा व्यक्तिगत स्वार्थापासून मुक्त असतो. जो नटीवर मालकी सांगू लागतो, तो या व्याख्येनुसार रसिक राहत नाही. संस्कृत नाटकाने हा भेद ओळखला होता. ‘मृच्छकटिक’ मध्ये वसंतसेना ही कलानिपुण गणिका आहे. तिच्या मागे लागलेला शकार तिच्या नकाराने चवताळतो आणि तिचा गळा आवळतो. नाटककाराने त्याला रसिक म्हटले नाही. त्याला हास्यास्पद आणि भयंकर असे दुहेरी रूप दिले.

व्यवहारातील मराठीत मात्र ही सीमारेषा पुसली गेली आहे. ‘शौकीन’ हा शब्द गाण्याचा कान असलेल्यालाही लागू होतो आणि गाणारीवर पैसा उधळणाऱ्यालाही. ‘दर्दी’ या शब्दाचेही तसेच. परिणामी लावणीच्या बारकाव्यांचा जाणकार आणि गाणारीला आपली मिळकत समजणारा माणूस हे दोघे ‘रसिक मायबाप’ या एकाच संबोधनाखाली येतात. ‘मायबाप’ हे संबोधन मंचावरून येते, हेही लक्षात घेतले पाहिजे. ज्याच्या हाती पैसा आहे त्याला मायबाप म्हणण्यावाचून गत्यंतर नसलेल्या व्यक्तीचे ते उद्गार आहेत. समीक्षकाने तेच संबोधन जसेच्या तसे उचलण्याचे कारण नाही.

माळेगावची यात्रा आणि फिरता चाहता

नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा आणि अहमदपूर यांच्या दरम्यान वसलेल्या माळेगाव (ता. लोहा, जि. नांदेड) येथील खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य पक्षात भरते. घोडे, गाढवे, उंट व अन्य जनावरांचा बाजार, कुस्त्यांचा फड, वाघ्या-मुरळीचे जागरण, भटक्या जमातींचे एकत्र येणे आणि तमाशा-संगीतबारीचे कार्यक्रम या सर्वांमुळे तिचे स्थान मराठवाड्याच्या लोकजीवनात अनन्यसाधारण आहे. नांदेड जिल्हा परिषदेच्या वतीने यात्रेत लावणी महोत्सवही भरवला जातो. म्हणजे एकाच मैदानावर लावणीची दोन रूपे शेजारी शेजारी नांदताना दिसतात : एक शासकीय मंचावरील ‘लोककला’, दुसरे तिकिटाच्या तंबूतील ‘बारी’.

या दोन्ही ठिकाणी प्रेक्षक बव्हंशी पुरुष असतो, आणि अनेकदा तोच पुरुष दोन्हीकडे असतो. यात्रांचे वेळापत्रक पाठ असलेला, अमुक पार्टी कोठे लागणार याची खबर ठेवणारा आणि त्यासाठी तालुके ओलांडणारा चाहता ग्रामीण भागाला नवा नाही. हंगामाचा पैसा हाती आला की एका विशिष्ट गायिकेची बारी गाठायची, हा त्याचा नेम असतो. रॉक वाद्यवृंदामागे फिरणाऱ्या तरुणीशी त्याचे साम्य येथवर आहे. भेद यापुढे सुरू होतो. ती तरुणी रिकाम्या हाताने कलावंताच्या दाराशी उभी असते. हा मात्र खिशात पैसा घेऊन येतो आणि कलावंतच त्याच्यापुढे उभी राहते.

या संबंधाचे मुख्य साधन म्हणजे दौलतजादा. प्रेक्षक नोट पुढे करतो, फर्माईश सांगतो, त्याचे नाव पुकारले जाते आणि त्या नावावर लावणी सादर होते. वरवर पाहता ही कलेला दिलेली दाद होय. परंतु या व्यवहारात तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. पहिली, गाण्याचा क्रम कलावंताच्या हातून निसटून पैसे देणाऱ्याच्या हाती जातो. दुसरी, नाव पुकारले गेल्यामुळे दाद ही चाहत्याच्या प्रतिष्ठेचे प्रदर्शन बनते. गावातील दोन प्रतिस्पर्धी एकमेकांवर चढाओढीने नोटा लावू लागले की गाणे बाजूला राहते आणि मंचावरील स्त्री त्यांच्या स्पर्धेचे निमित्त ठरते. तिसरी, वारंवार पैसे देणाऱ्याच्या मनात ‘हिच्यावर आपला काही हक्क आहे’ ही भावना मूळ धरते. दाद आणि दावा यांतील अंतर असे हळूहळू मिटत जाते.

याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. बैठकीची लावणी, तिच्यातील अदाकारी, एकाच ओळीवर बसून निरनिराळे भाव दाखवण्याची रीत हे सारे टिकले त्यात शौकिनांचा वाटा मोठा आहे. विद्यापीठे आणि शासन यांनी लावणीकडे वळून पाहण्यापूर्वी तिचे पोट भरले ते याच माणसांनी. पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला आणि गाणारीच्या घरातील लहानथोर यांचा संसार या दौलतजादावर चालला. म्हणून चाहत्याला सरसकट खलनायक ठरवणे हे त्याला सरसकट रसिक म्हणण्याइतकेच अपुरे आहे. त्याच्या आश्रयाची किंमत कोणी आणि कशी मोजली, हा खरा प्रश्न आहे.

कलाकृतींतील चाहता

या प्रश्नाचे उत्तर मराठी चित्रपटाने बराच काळ टाळले. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटात गावाला वंदनीय असलेला शिक्षक तमाशातील नर्तकीच्या मोहात पडतो आणि त्याचा सर्वनाश होतो. १९३०च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाशी त्याचे नाते सर्वश्रुत आहे. कथेची रचना अशी आहे की प्रेक्षकाची सहानुभूती पतन पावलेल्या पुरुषाकडे वळते. ‘बाईच्या नादाने बुडाला’ हे ग्रामीण वाक्य चित्रपटाच्या भाषेत सांगितले जाते. नाद लागतो तो पुरुषाला, परंतु वाक्यात कर्तृत्व जाते ते बाईकडे.

आनंद यादव यांच्या कादंबरीवर आधारित ‘नटरंग’ (२०१०) या चित्रपटात याच प्रश्नाची वेगळी बाजू दिसते. गुणा हा तमाशावेडा, पिळदार शरीराचा शेतमजूर आहे. तो आरंभी चाहताच आहे. तमाशाच्या वेडापायी फड उभा करताना त्याला नाच्याची भूमिका स्वीकारावी लागते, आणि स्त्रैण हावभाव अंगी येताच त्याच्या वाट्याला कुचेष्टा व अत्याचार येतात. तमाशा पाहणारा पुरुष असेतोवर त्याला कोणी नावे ठेवत नाही. बाईचे रूप घेतल्याबरोबर तो बदनामीला पात्र होतो. बदनामी भूमिकेला नव्हे तर स्त्रीत्वाला चिकटते, या प्रतिपादनाला याहून स्पष्ट आधार सापडणे कठीण.

डॉ. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनाने मात्र चाहत्याला प्रथमच घराच्या आतून पाहिले. नाचगाण्यावर जगणाऱ्या कोल्हाटी समाजातील स्त्रीचा मुलगा हे पुस्तक लिहितो आणि स्वतःच्या नावापुढे आईचे नाव लावतो. मंचावरून ‘मायबाप’ म्हटला जाणारा पुरुष येथे आईला घेऊन जाणारा, मुलाला नाव न देणारा म्हणून समोर येतो. चिरा उतरण्याच्या प्रथेत मुलीच्या पहिल्या पुरुषाशी होणारा आर्थिक व्यवहार, तिच्या कमाईवर जगणारे घरातील पुरुष आणि म्हातारपणी तिची होणारी परवड यांची नोंद हे पुस्तक कोणताही आडपडदा न ठेवता करते. लावणीच्या रसग्रहणात ज्या ‘आश्रयदात्याचा’ गौरव होतो त्याचा हिशेब येथे त्याच्या मुलाने मांडला आहे. लावणीविषयी लिहिताना हे पुस्तक केवळ ‘दलित-भटक्यांचे आत्मकथन’ या कप्प्यात ठेवून देणे ही समीक्षेची सोयीस्कर विस्मृती होय.

दोन आख्यायिका

चाहतेवर्ग स्वतःच्या दैवतांविषयी ज्या कथा सांगतो त्यांतूनही त्याचे मन कळते. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांच्याविषयीची एक हकीकत सर्वत्र सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या मंचावर होत्या; कळा सुरू झाल्यावर पडद्यामागे जाऊन त्या प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. दुसरी हकीकत बालगंधर्वांची. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’ च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची मुलगी वारली, तरीही त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही.

या दोन्ही कथा कलानिष्ठेचा आदर्श म्हणून सांगितल्या जातात. परंतु त्यांतील प्रेक्षकाचे स्थान तपासले पाहिजे. दिवस भरलेल्या स्त्रीला नाचावे का लागले, असे विठाबाईंची कथा सांगणारा विचारत नाही. फडाचे कर्ज, सुपारी घेतल्यावर खेळ चुकवण्याची मुभा नसणे आणि तंबूत ताटकळलेली गर्दी ही त्याची कारणे आहेत आणि त्या गर्दीत चाहता स्वतः बसलेला आहे. कलावंताचे दुःख जेवढे मोठे तेवढी आपली भक्ती मोठी, असे या कथांचे गणित असते. मात्र दोघांच्या पदरी पडलेले फळ सारखे नाही. बालगंधर्वांना चाहत्यांनी कर्जाच्या खाईतून वर काढण्यासाठी धडपड केली आणि १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळूनही त्यांच्या अखेरच्या वर्षांतील आर्थिक विपन्नता लपून राहिली नाही.

बालगंधर्वांच्या संदर्भात गोहरबाई कर्नाटकी यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. गोहरबाई या स्वतः गायिका, बालगंधर्वांच्या गायकीचा ध्यास घेतलेल्या. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्या बालगंधर्वांच्या आयुष्यात आल्या. येथे प्रथमच पुरुष कलावंत आणि स्त्री चाहती अशी, पाश्चात्त्य ‘ग्रुपी’ च्या कल्पनेला जवळची जोडी आढळते. परिणामही तोच झाला. गंधर्वभक्तांनी त्यांच्या ऱ्हासाचे खापर गोहरबाईंच्या माथी फोडले. रंगभूमीचे बदललेले अर्थकारण, बोलपटाचे आगमन, बालगंधर्वांचा स्वतःचा खर्चिक स्वभाव ही कारणे सर्वांना ठाऊक होती, तरी दोषी ठरली ती परधर्मीय बाई. संगीतबारीत गाणारी स्त्री दोषी, गंधर्वांच्या घरात चाहती स्त्री दोषी : भूमिका बदलली, दोषाचा धनी बदलला नाही.

कायद्याची नजर

शासनाची दृष्टीही याहून निराळी राहिली नाही. १९४८ मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली आणि पुढे सुधार समिती व परिनिरीक्षण यांच्या मार्गाने ती शिथिल केली. निजामाच्या राज्यातील मराठवाडा तेव्हा या कक्षेबाहेर होता. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यावर तोही या चौकटीत आला. सुधारणेचा रोख लावणीतील शब्द आणि नाचणारीचे हावभाव यांवर होता. समोर बसलेल्यांच्या वर्तनाची सुधारणा कोणाला सुचली नाही. २००५ च्या डान्सबार बंदीतही रोजगार गेला तो नाचणाऱ्या स्त्रियांचा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बारमधील नृत्याविषयीच्या अनेक जाचक अटी रद्द केल्या, बक्षिशी देण्यास मुभा दिली, मात्र नोटा उधळण्यावरील मनाई कायम ठेवली. दाद आणि उधळण यांत फरक आहे हे या निर्णयात कायद्याच्या भाषेत मान्य झाले. लावणीच्या समीक्षेने हा फरक त्याआधीच करायला हवा होता.

तिसऱ्याची उपस्थिती : आंबेडकरी गायन

नांदेड-लातूरच्या वस्त्यावस्त्यांत वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्या आणि त्यांच्या परंपरेतील कवी-गायकांच्या गाण्यांना लाभलेला चाहतावर्ग हा तितकाच झपाटलेला आहे. गाणी वह्यांत उतरवून घेणे, मैलोगणती चालत जाऊन रात्रभर गायनपार्टी ऐकणे, कवीला आपल्या घरी जेवू घालण्यात धन्यता मानणे ही या वेडाची लक्षणे होत. बाह्य रीतीही दौलतजादाशी मिळत्याजुळत्या आहेत. येथेही श्रोता नोट घेऊन मंचाकडे जातो आणि त्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाते.

असे असूनही या संबंधाचा गाभा वेगळा आहे, कारण गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये तिसरे कोणीतरी उभे असते. गाणे बाबासाहेबांचे आहे. दाद गाणारीच्या मार्फत त्यांना पोचते. त्यामुळे नोट देणाऱ्याला गाणारीवर हक्क सांगण्याची वाट सहसा उरत नाही. श्रोत्यांत बायका-मुले बसलेली असतात, हेही महत्त्वाचे. एकतारीवर भीमगीते गाणाऱ्या कडूबाई खरात (छत्रपती संभाजीनगर) यांचा आवाज मोबाइलमुळे घराघरांत पोचला, तेव्हा त्यांचे चाहते त्यांना ‘कडूबाई’ अशा घरच्या नावाने ओळखू लागले. त्यांच्या गाण्याविषयी बोलताना देहाचा विषय निघत नाही. नांदेड येथील तख्त सचखंड श्री हजूर साहिबमधील शबद-कीर्तनातही रागी जत्थ्यासमोर भेट ठेवली जाते, पण टाळ्या वाजत नाहीत. ऐकणाऱ्याचे मस्तक ग्रंथसाहिबापुढे झुकते. मंचावरील व्यक्तीपूजेपासून या परंपरा पूर्णपणे मुक्त आहेत असा दावा येथे नाही. उत्कट चाहतेपण आणि मालकीचा दावा या दोन गोष्टी अविभाज्य नाहीत, एवढे मात्र त्यांच्यावरून सिद्ध होते.

आजचा चाहता

मोबाइलच्या कॅमेऱ्याने या नात्यात नवा पेच निर्माण केला आहे. पूर्वी चाहत्याची नोट निदान पार्टीच्या पेटीत पडत होती. आता तो चित्रफीत घेऊन जातो. ती कोठे, कोणत्या मथळ्याखाली फिरेल यावर कलावंताचे नियंत्रण नसते आणि तिचा मोबदलाही तिला मिळत नाही. २०२२-२३ मध्ये गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांना राज्यभर उसळलेली गर्दी, तेथील हुल्लड आणि पोलिसांना करावा लागलेला बंदोबस्त यांची मोठी चर्चा झाली. तिचा सूर लक्षणीय होता. नृत्य लावणी म्हणावे असे आहे काय, हावभाव मर्यादेत आहेत काय, हे प्रश्न कलावंताला विचारले गेले. लावणीच्या शुद्धतेचा प्रश्न अभ्यासकाने जरूर विचारावा. परंतु हुल्लड करणारे हजारो पुरुष हे या चर्चेत पावसापाण्यासारखी नैसर्गिक आपत्ती मानले गेले, त्यांना कोणी प्रश्न विचारला नाही.

निष्कर्ष

१) ‘रसिक’, ‘शौकीन’, ‘दर्दी’ या संज्ञांनी दाद देणारा आणि दावा सांगणारा यांतील भेद झाकला आहे. समीक्षेत या संज्ञा तारतम्याने वापरणे आवश्यक आहे.
२) पाश्चात्त्य ‘ग्रुपी’, संगीतबारीतील गायिका, गोहरबाई आणि ‘नटरंग’ मधील नाच्या यांची तुलना करता बदनामी ही भूमिकेनुसार नव्हे तर स्त्रीत्वाच्या ठिकाणी जमा होते, असे दिसते.
३) दौलतजादा हा आश्रय आहे आणि वर्चस्वही आहे, त्यातील एक अंग सांगून दुसरे वगळणारे विवेचन एकांगी ठरते.
४) आंबेडकरी गायनात कलावंत आणि चाहता यांच्यामध्ये एक मूल्य उभे असल्यामुळे उत्कटता राहूनही मालकीची भावना क्षीण होते.

समारोप

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातील महाविद्यालयांत आपण लोकसाहित्य शिकवतो. लावणीचा विषय निघाला की राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर ही रचनाकारांची नावे सांगतो, प्रकार सांगतो, शृंगाराची उदाहरणे देतो. ती लावणी कोणी गायली आणि समोर कोण बसले होते, हे दोन प्रश्न मात्र बहुधा वर्गाबाहेर राहतात. माळेगावची यात्रा आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे आणि आपल्या वर्गांत बसणारे विद्यार्थी तेथे प्रेक्षक म्हणून जात असतात. क्वचित एखाद्या बाकावर त्याच मंचावर उभ्या राहणाऱ्या आईचे मूलही बसलेले असू शकते. ‘रसिक’ हा शब्द आपण फळ्यावर लिहितो तेव्हा तो या दोघांच्याही कानी पडतो. एकाला त्यात आपला गौरव दिसतो, दुसऱ्याला काय दिसत असेल याचा विचार शिकवणाऱ्याने केला पाहिजे.